सोसायटीचं रिडेव्हलपमेंट: सभासदांच्या अपेक्षा पहिल्या दिवसापासून कशा सांभाळायच्या

मी पार्ल्यात पूर्वेला राहते, 24 घरांची सोसायटी, जुनी बिल्डिंग 1979 ची, तळमजला अधिक तीन, लिफ्ट नव्हती. गेली काही वर्षं सेक्रेटरी आहे आणि सध्या आमच्या नव्या इमारतीचा सातवा स्लॅब भरून झालाय. नोकरीतही मी प्रोजेक्ट मॅनेजमेंटच करते, पण तिथले स्टेकहोल्डर संध्याकाळी घरी जातात, इथले जिन्यात भेटतात, दूध आणायला गेलं की भेटतात आणि त्यांचं आयुष्यभराचं घर या एका निर्णयावर टांगलेलं असतं. बऱ्याच सोसायट्यांचे नवीन सेक्रेटरी, चेअरमन हल्ली विचारतात की लोकांना सांभाळायचं कसं, एफएसआयचं (प्लॉटवर किती बांधकाम करता येतं त्याचं) गणित पीएमसी, म्हणजे सोसायटीने नेमलेला प्रोजेक्ट मॅनेजमेंट कन्सल्टंट, करून देईल पण माणसांचं काय, म्हणून हे सविस्तर लिहितेय. नियमांचे आकडे मुंबई महापालिका हद्दीतले आहेत, पुणे-ठाण्याला नियमावली वेगळी आहे, पण माणसं तीच.

सगळ्यात आधी पहिल्या आकड्याबद्दल, कारण आमचं जवळजवळ एक वर्ष त्यात गेलं. पहिल्याच मीटिंगमध्ये, पीएमसी नेमायच्याही आधी, कमिटीतल्या एकांनी उत्साहात सांगून टाकलं की "40 टक्के जास्त तर कुठेच गेले नाहीत." वाईट हेतू अजिबात नव्हता, त्यांच्या मेव्हण्यांच्या सोसायटीत तेवढं मिळालं होतं. पण त्या रात्री 24 घरांत कॅल्क्युलेटर निघाला, 450 स्क्वेअर फुटांच्या घराचे 630 झाले, कुणी मुलाच्या लग्नानंतरची वेगळी खोली त्यात बसवली, कुणी आईला वेगळी बेडरूम. नंतर फिजिबिलिटी रिपोर्ट आला आणि त्यात 28 टक्के निघाले. 28 टक्के आमच्या प्लॉटसाठी चांगला आकडा होता, पण लोकांच्या मनात आपले 12 टक्के कुणीतरी खाल्ले एवढंच राहिलं, आणि ते कुणीतरी म्हणजे अर्थातच कमिटी. म्हणून नवीन कमिटीला माझं पहिलं सांगणं हेच असतं की पीएमसीचा लेखी रिपोर्ट हातात येईपर्यंत टक्के, स्क्वेअर फूट, कॉर्पस (बिल्डर प्रत्येक सभासदाला देतो ती एकरकमी रक्कम), बाहेर राहायच्या काळाचं भाडं, यातला एकही आकडा तोंडातून काढू नका, जिन्यातसुद्धा नाही, घरी नवऱ्याला-बायकोलाही नाही. लोक खोदून खोदून विचारतील, तेव्हा "अजून मोजणी व्हायची आहे, रिपोर्ट आला की सगळ्यांना एकाच दिवशी कळेल" एवढंच, आणि कमिटीतल्या सगळ्यांनी हेच वाक्य सांगायचं.

पण नुसतं गप्प बसून भागत नाही, कारण शेजारच्या सोसायटीचा आकडा तर गल्लीत फिरतच असतो. तो का लागू होत नाही ते आधीच समजावून ठेवावं लागतं. मी हे एका फळ्यावर काढून दाखवलं होतं. उपनगरात डीसीपीआर 2034 प्रमाणे, म्हणजे मुंबईच्या विकास नियंत्रण नियमावलीप्रमाणे, एफएसआय रस्त्याच्या रुंदीवर ठरतो, 9 मीटर किंवा त्याहून रुंद पण 12 मीटरच्या आतला रस्ता असेल तर 2, आणि 18 ते 27 मीटरचा असेल तर 2.4. समजा दोन्ही प्लॉट 1000 चौरस मीटरचे आहेत, वर 35 टक्के फंजिबल, म्हणजे नियमाने मिळणारं जादा बांधकाम, धरलं, तर आतल्या गल्लीतल्या प्लॉटवर 2700 चौरस मीटर होतात आणि मोठ्या रस्त्यावरच्या प्लॉटवर 3240, म्हणजे 540 चौरस मीटरचा फरक, साधारण 5,800 स्क्वेअर फूट. प्लॉट तेवढाच, माणसं तेवढीच, फरक फक्त समोरच्या रस्त्याचा. आणि आमच्या पार्ल्याला विमानतळ जवळ, त्यामुळे एअरपोर्ट ऑथॉरिटीची उंचीची परवानगी घ्यावी लागते, ती जेवढी देतील तेवढेच मजले, मग कागदावर एफएसआय शिल्लक असला तरी रचायचा कुठे हा प्रश्न येतो. हे फळ्यावर पाहिल्यावर एक काका म्हणाले, "हे आधी का नाही सांगितलंत, मी सहा महिने मेव्हण्यांच्या सोसायटीचं उदाहरण देत भांडतोय." बरोबर होतं त्यांचं.

तसंच त्या 10 चौरस मीटरचं. त्याच नियमावलीतल्या 33(7)(ब) मध्ये 30 वर्षांहून जुन्या सोसायट्यांना सध्याच्या बांधकामाच्या 15 टक्के किंवा घरटी 10 चौरस मीटर, यातलं जे जास्त असेल तेवढं बांधकाम प्रीमियम (महापालिकेला भरायचं शुल्क) न भरता मिळतं. आता 10 चौरस मीटर म्हणजे 107 स्क्वेअर फूट, त्यामुळे "सरकारने प्रत्येकाला 107 फूट दिलेत" असा मेसेज फिरायला लागतो. ते क्षेत्र पूर्ण प्रकल्पाच्या हिशोबात धरायचं असतं, त्यातलं सभासदांच्या वाट्याला किती येणार हे वाटाघाटीत ठरतं. हा मेसेज तुमच्या ग्रुपवर यायच्या आधी तुम्ही त्याचं स्पष्टीकरण टाकलेलं असलं पाहिजे.

आणि कार्पेट. कार्पेट म्हणजे कुठला कार्पेट हे पहिल्याच कागदावर लिहा. रेराच्या (बांधकाम प्रकल्पांच्या कायद्याच्या) व्याख्येत घरातल्या आतल्या पार्टिशन भिंतींची जाडी कार्पेटमध्ये मोजतात, बाहेरच्या भिंती मोजत नाहीत, आणि आपली आई-आजी मोजते ती फरशी, भिंतीपासून भिंतीपर्यंत. त्यामुळे 580 रेरा कार्पेट सांगितलं आणि पझेशनच्या दिवशी कुणी टेप लावली तर फरशी कमीच भरणार आणि त्या दिवशी तुम्ही कितीही व्याख्या वाचून दाखवल्या तरी फसवल्याची भावना जात नाही. जुन्या घरांत आणखी एक भानगड असते, बंद केलेली बाल्कनी. लोकांनी 30 वर्षांपूर्वी बाल्कनी बंद करून हॉलमध्ये घेतलीय, त्यांच्या लेखी ती घरच आहे, पण मंजूर प्लॅनमध्ये ती काय म्हणून आहे आणि ती रीतसर बंद केली होती का यावर ती जुन्या क्षेत्रात धरायची की नाही ते ठरणार. आम्ही पीएमसीच्या माणसाबरोबर प्रत्येक घरी जाऊन मोजणी केली, मोजणीच्या कागदावर त्या घरच्या माणसाची सही घेतली आणि एक कॉपी त्यांच्याच हातात दिली, त्यामुळे हा वाद नंतर एकदाही आला नाही.

आकडे सांगायची वेळ आली की त्यावर शिक्का हवा. आम्ही तीनच शब्द ठरवले होते, अंदाज, ऑफर आणि करार. पीएमसीचा रिपोर्ट तो अंदाज, बिल्डरच्या टेंडरमध्ये आला तो ऑफर, रजिस्टर झालेल्या डीएमध्ये (बिल्डरबरोबरच्या डेव्हलपमेंट अॅग्रीमेंटमध्ये) आहे तो करार. नोटीस बोर्डवर अंदाज पिवळ्या कागदावर, ऑफर निळ्या आणि करार पांढऱ्या. ऐकायला शाळेतल्यासारखं वाटतं पण 78 वर्षांच्या आजीसुद्धा विचारायला लागल्या की "हा पिवळा आहे की पांढरा?" आणि मला हवं होतं ते हेच.

आता वही. कुठलीही सभा बोलवायच्या आधी प्रत्येक घरी जा, फोन नको, चहा घ्या, तासभर बसा. मी दोन महिने शनिवार-रविवार हेच केलं आणि प्रत्येक घरासाठी वहीत तीन गोष्टी लिहिल्या: यांना काय हवंय, कशाची भीती वाटतेय आणि या घरात खरा निर्णय कोण घेतं. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. शेअर सर्टिफिकेटवर आजोबांचं नाव असतं पण निर्णय न्यू जर्सीतला मुलगा घेतो, आणि त्याला तुम्ही एकदाही फोन केलेला नसतो, मग तो ऐन सहीच्या वेळी 20 प्रश्नांची ईमेल पाठवतो, त्यात त्याची चूक काहीच नाही, त्याला कुणी विचारलंच नव्हतं. आम्ही परदेशातल्या तिघांसाठी रविवारी रात्री वेगळा व्हिडिओ कॉल ठेवला आणि तिघेही नंतर सगळ्यात जास्त मदतीला आले.

भीतीच्या रकान्यात जे येतं ते सभेत कधीच येत नाही. सभेत लोक स्क्वेअर फुटावर भांडतात. घरी बसलं की कळतं की काकूंना भीती आहे की तीन वर्षांत आपल्याला काही झालं तर नवीन घर बघायचं राहून जाईल. एका घरात मुलगा गतिमंद आहे, त्याला समोरचा वाणी आणि खालचा वॉचमन ओळखतात, दुसऱ्या एरियात भाड्याने गेलं तर त्याला एकट्याला खाली पाठवता येणार नाही. एका घरात वडील वारले, तीन भावंडं, वारसांची नावं अजून लागलेली नाहीत आणि त्यांना वाटतं की हे बाहेर पडलं तर भांडण उघड होईल. अशांसाठी 20 फूट जास्त मिळवून काही सुटत नाही. त्या मुलासाठी आम्ही जवळच्याच गल्लीतलं भाड्याचं घर सगळ्यात आधी शोधलं, तेव्हा बाकीच्यांची घरं शोधायला सुरुवातही झाली नव्हती, कारण 24 कुटुंबं एकाच महिन्यात एकाच एरियात घर शोधायला लागली की भाडी चढतात आणि दलालही ते ओळखून असतात. वारसांच्या बाबतीत एवढंच सांगते, नॉमिनी म्हणजे मालक असं लोक धरून चालतात, तसं नसतं, वारसा हक्काचे कागद वेगळे करावे लागतात आणि त्याला वेळ लागतो, तेव्हा पहिल्या महिन्यातच ते काम सुरू करून द्या. ज्यांच्या घरावर लोन आहे त्यांच्या बँकेच्या एनओसीचंही तसंच.

भाडेकरू आणि खाली दुकान असेल तर दुकानदार, यांनाही वहीत पान द्या. दुकानदाराला तीन वर्षं धंदा बंद ठेवायचाय, त्याचा हिशोब घरवाल्यांपेक्षा पूर्ण वेगळा असतो.

कायद्याच्या बाजूने सहकारी संस्था कायद्याच्या कलम 79अ खालचा 4 जुलै 2019 चा शासन निर्णय कमिटीतल्या प्रत्येकाने मराठीतून पूर्ण वाचा, आणि त्यानंतर काही नवीन परिपत्रक आलंय का ते वकिलाकडून बघून घ्या. माझ्या दृष्टीने त्याचा सगळ्यात मोठा उपयोग अपेक्षा सांभाळायलाच होतो, कारण कुठली गोष्ट कोण ठरवणार हे त्यात आखून दिलंय. सभेला दोन तृतीयांश कोरम, 51 टक्के सभासदांची संमती, बिल्डर निवडायच्या सभेला उपनिबंधकांकडून आलेला अधिकारी हजर, सभेचं व्हिडिओ शूटिंग, बिल्डरकडून प्रकल्प खर्चाच्या 20 टक्के बँक गॅरंटी, काम दोन वर्षांत आणि अपवादात्मक परिस्थितीत फार तर तीन. पूर्वी 75 टक्के लागायचे, आता 51 टक्के पुरतात, आणि इथेच बऱ्याच कमिट्या घसरतात, त्यांना वाटतं 51 झाले ना, आता बाकीच्यांना विचारायची गरज नाही. अहो, ठराव 51 टक्क्यांनी होतो पण बिल्डिंग रिकामी 100 टक्के करावी लागते. शेवटचं एक घर रिकामं झालं नाही तर पाडकाम होत नाही. कोर्ट अशा वेळी बहुमताच्या बाजूने आदेश देतं हे खरं आहे, पण त्यात जे महिने जातात त्यात बाहेर राहायला गेलेल्या 23 कुटुंबांचं भाडं चालू असतं आणि शिवाय ज्याच्यावर केस केली त्याच्याच शेजारी पुढची 30 वर्षं राहायचंय. आमचे दोन सभासद विरोधात होते. त्यांच्याकडे मी सगळ्यात जास्त वेळा गेले. त्यातल्या एकांचा आक्षेप बँक गॅरंटीच्या मसुद्याबद्दल होता आणि तो शंभर टक्के योग्य निघाला, आम्ही मसुदा बदलून घेतला आणि सभेत त्यांचं नाव घेऊन आभार मानले. दुसऱ्यांची सही शेवटच्या आठवड्यात आली.

व्हॉट्सअॅपबद्दल. सोसायटीच्या नेहमीच्या ग्रुपवर रिडेव्हलपमेंटचा एकही शब्द नको. वेगळा ग्रुप काढा, त्यात फक्त अॅडमिनना लिहिता येईल असं सेटिंग ठेवा आणि आठवड्यातून एकदा ठरलेल्या वेळी मेसेज टाका, आमचा रविवारी रात्री 8 चा असतो. काही घडलं नसेल तरी टाकायचा, "या आठवड्यात काही हालचाल नाही, फाइल अजून महापालिकेतच आहे" असा. लोकांना रोज बातमी नको असते, बातमी कधी येणार ते माहीत असलं की ते मधल्या दिवसांत फोन करत नाहीत, माझे फोन एका महिन्यात निम्म्यावर आले. प्रश्न असतील तर बुधवारपर्यंत कागदावर लिहून लेटरबॉक्समध्ये किंवा मेलवर, उत्तर रविवारी सगळ्यांना, म्हणजे एकाला मिळालेलं उत्तर दुसऱ्याला वेगळं मिळालं असं होत नाही. आणि बिल्डरला भेटायला कधीही एकट्याने जाऊ नका, कमीत कमी दोघं, त्यातला एक शक्यतो कमिटीच्या बाहेरचा, आणि त्याच दिवशी मराठीतून अर्धं पान टिपण ग्रुपवर. संशय सुरू व्हायला एक बंद दाराआडची मीटिंग पुरते.

तारखांवर जरा थांबते, कारण आकड्यानंतर माणसं सगळ्यात जास्त दुखावतात ती तारखांवरून. "36 महिन्यांत घर" असं सगळे ऐकतात, पण 36 महिने कधीपासून? घर रिकामं केल्यापासून, सीसी (बांधकाम सुरू करायची परवानगी) आल्यापासून, की प्लिंथ (जोतं) झाल्यापासून? आमच्या पहिल्या मसुद्यात सीसीपासून होते, म्हणजे रिकामं केल्यावर सीसीला आठ महिने लागले तर ते आठ महिने कुणाच्याच खात्यात नाहीत. आम्ही ते रिकामं केल्याच्या तारखेपासून करून घेतलं आणि त्याबरोबर हेही ठरवलं की आयओडी (प्लॅनला महापालिकेची पहिली, अटींसह मंजुरी) हातात, सगळ्यांचे पर्यायी, म्हणजे नव्या इमारतीतल्या घराचे करार रजिस्टर आणि पहिल्या 11 महिन्यांच्या भाड्याचे चेक हातात, या तिन्ही गोष्टी झाल्याशिवाय घर सोडायची नोटीस निघणार नाही. भाडं नंतर दरवर्षी किती वाढणार आणि काम लांबलं तर किती, तेही लिहून. एक गोष्ट फार कमी लोक करतात, बिल्डर बाहेर विकणार त्या घरांची नोंदणी महारेराकडे (राज्याच्या रेरा प्राधिकरणाकडे) होते आणि तिथे बिल्डरने दिलेली पूर्णतेची तारीख साइटवर कुणालाही बघता येते. ती तारीख आणि तुमच्या डीएतली तारीख शेजारी शेजारी ठेवून बघा. फरक असेल तर सरळ विचारा, आणि जे उत्तर येईल ते रविवारच्या मेसेजमध्ये टाका.

शिफ्टिंगची तारीख ठरवताना शाळेचं वर्ष बघा. आमच्या बिल्डरला जानेवारीत पाडकाम हवं होतं, आमच्याकडे दोन दहावीची मुलं होती, आम्ही एप्रिल-मे मागितला. तो चिडला नाही, कारण हे आम्ही त्याला टेंडरच्या वेळीच सांगितलं होतं. बिल्डरच्याही अपेक्षा असतात हे कमिट्या विसरतात. त्याला वाटतं सेक्रेटरीने हो म्हटलं म्हणजे सोसायटीने हो म्हटलं. त्याला पहिल्याच भेटीत सांगा की कुठलाही मोठा बदल सभेसमोर जाईल, सभेला 14 दिवसांची नोटीस लागेल, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं उत्तर तीन आठवड्यांनी मिळेल, हे तुमच्या वेळापत्रकात धरा.

वाईट बातमी आली की त्याच दिवशी सांगायची, रविवारची वाट बघायची नाही. यात एकदा आम्ही चुकलो होतो, फायरच्या ड्रॉइंगमध्ये बदल निघाला आणि सीसी अडकली, आम्ही म्हटलं आठवड्यात सुटेल, कशाला घाबरवायचं. सुटलं नाही, आणि लोकांना ते साइटच्या वॉचमनकडून कळलं. पुढचे दोन महिने माझं कुणी ऐकूनच घेत नव्हतं. तेव्हापासून मेसेजचा साचा असा ठेवलाय:

"सीसी 15 तारखेला अपेक्षित होती, ती आलेली नाही. कारण: जिन्याच्या रुंदीत बदल सांगितलाय. बदललेलं ड्रॉइंग काल सबमिट झालं, पावती पीएमसीने बघितली आहे. तुमच्या भाड्याच्या चेकवर याचा परिणाम नाही, पुढचा चेक 1 तारखेचाच. पुढची माहिती शुक्रवारी रात्री 8 वाजता, काम झालं असो वा नसो."

काय झालं, का झालं, काय केलं, तुमच्या खिशावर परिणाम काय, पुढे कधी सांगणार. सॉरी, दिलगीर, गैरसोय वगैरे शब्दांनी मेसेज भरू नका, लोकांना चेकचं कळलं की श्वास मोकळा होतो.

घराच्या आतल्या बदलांना एक शेवटची तारीख द्या. ओटा कुठल्या भिंतीला, देवघर कुठल्या दिशेला, इंडियन संडास एक तरी हवा, या सगळ्या रास्त मागण्या आहेत आणि त्यासाठी आम्ही दोन रविवार आर्किटेक्टला हॉलमध्ये बसवलं, प्रत्येक घराला 20 मिनिटं. त्यानंतर प्लॅन फ्रीज. मजल्यांचं वाटप कसं होणार, चिठ्ठ्या टाकून की जुन्या मजल्यानुसार, हे मात्र प्लॅनच्याही आधी सभेत ठरवून घ्या, त्यावरून सख्खे शेजारी बोलायचे बंद झालेले मी बघितलेत.

मेंटेनन्सबद्दल कुणी बोलत नाही म्हणून मी मुद्दाम बोलते. जुन्या बिल्डिंगमध्ये आम्ही महिना 2,500 भरायचो. नव्यात दोन लिफ्ट, मेकॅनिकल पार्किंग, फायरचे पंप, जनरेटर, सिक्युरिटी, पीएमसीच्या हिशोबाने महिन्याला 8,000 च्या पुढे जाईल. पेन्शनवर जगणाऱ्या घराला हा मोठा धक्का आहे, आणि कॉर्पस मुख्यतः त्यासाठीच मागायचा असतो. पण कॉर्पस हातात आला की कुणी फर्निचरला काढतं, कुणी मुलाला देतं. आम्ही त्याचं व्याज किती येईल आणि मेंटेनन्सचा किती भाग त्यात निघेल हे प्रत्येक ज्येष्ठ सभासदाला वेगळं मांडून दिलं, पिवळ्या कागदावर. तीन जणांनी ते बघून जिम आणि क्लबहाऊस नको असं सांगितलं, आणि सभेत ते मंजूरही झालं.

आता आमच्याकडे पझेशनची तयारी चालू आहे, अजून वर्ष आहे पण अपेक्षा आत्ताच बसवायच्यात. ओसी (महापालिकेचा राहायला जायचा दाखला) आल्याशिवाय चावी घ्यायची नाही हे दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मेसेजच्या खाली लिहितेय, कारण शेवटच्या महिन्यांत भाड्याच्या घराला सगळेच कंटाळलेले असतात आणि "फक्त ओसी राहिलीय, राहायला या" असं कुणी म्हटलं की पाय लगेच निघतो. चावीच्या आधी प्रत्येक घरात पीएमसीचा माणूस, घरातलं एक माणूस आणि ती सही केलेली मोजणी, तिघं एकत्र, टेप लावून. गळती, टाइल्सचा आवाज, दारांच्या फटी, नळाचं प्रेशर, सगळं एका फॉर्मवर आणि दुरुस्तीची तारीख बिल्डरच्या सहीने. फॉर्मचा मसुदा मी मागच्या आठवड्यात ग्रुपवर टाकला, काकूंनी त्यात एक ओळ वाढवायला सांगितलीय, बाथरूममध्ये म्हाताऱ्या माणसासाठी धरायला दांडा बसवलाय का. ती ओळ आता पहिल्या नंबरवर आहे.